डोंगराच्या मातीत काय नव्हतं

त्या दोन पावसाळ्यांत मला कुणी नुसती हाक मारली तरी राग यायचा. आई मागच्या दारातून "सुमन गो, भाकरी निवते" म्हणाली की मी "निवू दे" म्हणून ओरडायचे, आणि मग ती निवलेली भाकरी चावताना आणखी चिडायचे. आमचं घर वरसे गावात, रोह्याला लागूनच. आज तिथे इमारतींना इमारती चिकटल्यात, पण तेव्हा परसामागे आमचं भाताचं शेत होतं आणि त्याच्या बांधावरून धाटावच्या कंपन्यांची धुरांडी दिसायची. घरात आई, दादा आणि मी, एवढेच. बाबा मी शाळेत असतानाच गेले होते. दादा कंपनीत शिफ्टला जायचा. त्याची स्कूटर एका लाथेत कधी सुरू व्हायची नाही. ती खोकायची, मग दादा तिला शिव्या द्यायचा, मग गोठ्यातली म्हैस साखळी वाजवायची आणि आई म्हणायची, "उठवलंस का सगल्यांना?" वारा धाटावकडून फिरला की घरात औषधासारखा वास यायचा. त्या वासात आई सुकट भाजायची. दोन वास एकमेकांत मिसळून जे काही व्हायचं, ते अजून माझ्या नाकात आहे. सून म्हणते, आई, तुम्हाला वास येतच नाही नीट. येतो. हा येतो.

मी शेतकीचं शिकून आले होते आणि पेणला रामवाडीत कुरण सुधारण्याच्या एका योजनेच्या ऑफिसात मला नोकरी लागली होती. एस.टी.नं जायचं, साहेबांना तोंड दाखवायचं, आणि पुन्हा अर्ध्या वाटेवर उतरून डोंगर चढायचा. योजना कागदावर फार सुंदर होती. आपल्याकडच्या वरकस जमिनीवर, म्हणजे भाताच्या कामाच्या नसलेल्या उताराच्या तांबड्या जमिनीवर, नुसतं गवत उगवतं. पावसाळा सरला की ते वाळून काडी होतं आणि गुरं दूध सोडतात. त्या गवतात स्टायलो पेरायचा. स्टायलो वाल-चवळीच्या जातीतला. त्याच्या मुळांवर बारीक गाठी येतात आणि त्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र ओढून झाडाला देतात. म्हणजे युरिया नको, नांगरट नको, आणि गुरांना मात्र डाळीच्या तोडीचा पाला. मी हे सगळं इतक्या वेळा बोलले होते की झोपेतही बोलले असते.

त्या डोंगरावरच्या वाडीला मीच पटवलं होतं. खरं तर वाडीला नाही, सुगंधाबायला. तिच्या गोठ्यात वाडीतली सगळ्यात जास्त गुरं. तिचा नवरा शांत माणूस, आणि त्याच्या वाटणीचंही तीच बोलायची. बी रुजेपर्यंत त्या उतारावर गुरं सोडायची नाहीत, घरी बांधून पेंढ्यावर ठेवायची, एवढी एकच अट होती. पण ज्याच्या घरी म्हैस आहे त्याला विचारा ही अट केवढी असते. पावसाळ्यात सगळा डोंगर हिरवा, आणि गुरं दावणीला हंबरतायत. सभेत पुरुष नकाराच्या माना हलवत होते. सुगंधाबाय उठली आणि म्हणाली, "पोर शिकलेली हाय. आपल्याच बाजूची हाय. ती कशाला खोटं बोलंल? बांधा गुरं." आणि वाडीनं बांधली.

बी उगवलं. मी तेव्हा पेणहून पोहे घेऊन घरी गेले होते, आईनं कांदा-खोबरं घालून ते कालवले, दादा म्हणाला, "आता तुझं प्रमोशन." महिन्याभरात रोपं पिवळी पडली. एकदम नाही, हळूहळू, जुन्या पानांपासून सुरुवात. वितीएवढी झाली आणि थांबली. गवत त्यांच्या डोक्यावरून वर गेलं. मी वाकून वाकून रोपं शोधायचे आणि सुगंधाबाय बांधावर उभी राहून विचारायची, "कुठं हाय तुजा चारा? मला दाव तरी."

साहेब म्हणाले बी जुनं असेल. मग म्हणाले लोकांनी गुपचूप गुरं सोडली असतील. त्यावर मी पहिल्यांदा ऑफिसात आवाज चढवला. साहेब वाईट नव्हते. चहा पाजायचे, घरची चौकशी करायचे. पण डोंगर चढायचे नाहीत. मातीचे नमुने मीच खणून नेले, प्रयोगशाळेत दिले, आणि त्याचा अहवाल यायला हिवाळा उजाडला. नत्र कमी, स्फुरद कमी, पालाश मध्यम, माती आम्लधर्मी. आपल्याकडच्या कुठल्याही तांबड्या मातीचा अहवाल डोळे मिटून लिहिला तरी हाच येईल. खाली शिफारस: युरिया द्या, सुपर फॉस्फेट द्या.

"साहेब, ज्या झाडानं स्वतःचं नत्र स्वतः करायचं त्याला आपण युरिया द्यायचा?"

"अहवालात आहे ते करा, मॅडम. उद्या वरून कुणी विचारलं तर मी काय सांगू?"

त्या हिवाळ्यात आमच्या भाताच्या शेतात नेहमीसारखा वाल होता. शेजारच्या पोरांनी शेंगांची पोपटी लावली होती, मडकं भांबुर्डीच्या पाल्यानं गच्च भरलेलं, आणि जाळाभोवती सगळे हसत होते. मी एक वालाचं रोप उपटलं. मुळांवर गाठी होत्या. नखानं एक फोडली तर आत लालसर गुलाबी. असाच रंग हवा. गाठ काम करत असली की ती आतून गुलाबी असते. दुसऱ्या दिवशी मी वाडीला गेले, ओल असलेल्या एका खळग्यात तग धरलेली स्टायलोची रोपं उपटली आणि ब्लेडनं त्यांच्या गाठी चिरल्या. गाठी होत्या, भरपूर होत्या, पण बारीक, आणि आतून पांढरट हिरव्या. म्हणजे जिवाणू आत होते, पण काम करत नव्हते. त्यांना काहीतरी मिळत नव्हतं. काय, ते अहवालात नव्हतं, कारण प्रयोगशाळा तीनचार गोष्टींपलीकडे काही तपासतच नव्हती.

दुसऱ्या पावसाळ्यात आम्ही अहवालाप्रमाणे खतं टाकली. वाडीनं गुरं पुन्हा बांधली. यावेळी सभा झाली नाही, सुगंधाबायनं घरोघरी जाऊन सांगितलं, आणि मला म्हणाली, "माज्या तोंडाकडं बघून बांधल्यात. तुज्या नाय." युरिया पडला तिथे आठवड्याभरात हिरवंगार झालं. साहेबांना फोटो दाखवला तर ते खूश. पण युरिया खाऊन गवत माजलं आणि त्यानं उरलासुरला स्टायलो गुदमरवला. जिथे नुसतं सुपर होतं तिथे रोपं थोडी उंच झाली, पण पिवळी ती पिवळीच. मला रात्रंदिवस तो पिवळा रंग दिसायचा. आईच्या हळदीतही.

मग मी ठरवलं की मातीलाच विचारायचं. कॉलेजात एका सरांनी शिकवलेली साधी पद्धत होती. डोंगरावरची माती आणून वाळवायची, चाळायची, पिशव्यांत भरायची. एका पिशवीत नत्र सोडून झाडाला लागणारं सगळं द्यायचं, नत्र ते स्वतः करील. बाकीच्या प्रत्येक पिशवीत एकेक गोष्ट सोडून सगळं द्यायचं. एकीत स्फुरद नाही, एकीत गंधक नाही, एकीत पालाश नाही, एकीत बोरॉन नाही, असं. जी गोष्ट वगळल्यावर रोप आजारी पडतं, ती त्या मातीत नाही. सरांना पत्र टाकलं, त्यांनी औषधांच्या पुड्या बांधून माझ्याच ओळखीच्या एका मुलाबरोबर पाठवल्या.

दादाला पिशव्यांची कल्पना पसंत पडली नाही. "पिशव्या फाटतात. मी कॅन आणतो," म्हणाला, आणि भंगारवाल्याकडून निळे प्लास्टिकचे कॅन घेऊन आला. स्वतः कापले, धुतले, तळाला भोकं पाडली, पडवीत ओळीनं मांडले. इतकं मन लावून त्यानं माझ्यासाठी क्वचितच काही केलं असेल. रोपं उगवली, दोन पानांवर आली, आणि सगळ्या कॅनमध्ये, सगळं दिलेल्यासुद्धा, पानं आत वळली आणि रोपं मेली. त्या कॅनांत आधी काय होतं देव जाणे.

"मी धुतले होते गो," दादा म्हणाला.

"पाण्यानं धुतलेस. त्यात काय होतं ते विचारलंस का?"

"भंगारवाल्याला काय विचारू? तो काय केमिस्ट हाय?"

मी त्याच्याशी बोलणं टाकलं. तो शिफ्टवरून आला की मी आत जायचे. आता तो नाही, आणि त्या अबोल्याचे दिवस परत मिळाले असते तर, असं मनात येतं. पण तेव्हा फक्त एवढंच दिसत होतं की पावसाळा सरकतोय आणि डोंगरावर वाडीची गुरं बांधलेली आहेत.

रोपवाटिकेतून काळ्या पिशव्या मागून आणल्या आणि पुन्हा मांडणी केली. पाणी विहिरीचं नाही, कारण विहिरीच्या पाण्यात काय काय असतं. पागोळ्यांचं पाणी स्वच्छ पिंपात धरायचं आणि तेच द्यायचं. पडवीवर प्लास्टिकचा कागद ताणला. रोपं छान आली. हळूहळू एकेक पिशवी वेगळी दिसायला लागली. स्फुरद नसलेली खुजी. बाकीच्यांत काहीतरी फरक पडायला लागला होता, अजून स्पष्ट नव्हता, पण पडत होता. मला पेणला आठवडाभर अडकून पडावं लागलं. परत आले तर सगळ्या पिशव्या सारख्या. सगळ्या टवटवीत. मी आधी आनंदले आणि मग तशीच आईकडे धावले.

"आई, यांना काय घातलंस?"

आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "गोठ्यातलं पानी घातलं जरा. सुकत चालली होती बिचारी."

"मी सांगितलं होतं ना हात लावू नकोस!"

"अगो पन पिवली पडत होती एकेक. दारातल्या झाडाला उपाशी ठेवायचं म्हंजे काय? लोकं बगतात."

"उपाशीच ठेवायचं होतं! त्यासाठीच होतं ते सगळं!"

आईनं सूप खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं. "कसलं गो शिकलीस तू," एवढंच म्हणाली आणि उठून आत गेली. मी पडवीच्या पायरीवर बसून रडले. कारण सांगायला लाज वाटेल असं रडणं होतं ते, पिशव्यांतली रोपं जगली म्हणून.

तिसऱ्या मांडणीला ऑगस्ट उजाडला. या वेळी आईच माझी राखणदार झाली. शेजारीण आली, पोरं आली, की आई ओरडायची, "त्यांना हात लावू नका, ती उपाशी ठेवायची हायत." तिला ते पटलं नव्हतं. पण आपली पोर वेड्यासारखी रडते ते तिनं बघितलं होतं. रोज संध्याकाळी ती पिशव्यांसमोर उभी राहायची आणि पिवळ्या होत चाललेल्या रोपांकडे बघून चुकचुकायची.

नवरात्र संपता संपता सगळं स्वच्छ दिसलं. स्फुरद नसलेली खुजी, ते अपेक्षितच होतं. गंधक, पालाश, बोरॉन, जस्त, यांच्याविना फारसं कुणाचं अडलं नव्हतं. आणि एक पिशवी पिवळी. हुबेहूब डोंगरावरचा पिवळा, जुन्या पानांपासून सुरू झालेला. त्या पिशवीत मॉलिब्डेनम नव्हतं. मी सगळं दिलेल्या पिशवीतलं रोप उपटून गाठ चिरली, आत गुलाबी. पिवळ्या पिशवीतलं चिरलं, आत पांढरट हिरवी. मॉलिब्डेनम हा एक धातू आहे, झाडाला तो इतका कमी लागतो की लागतो हेच लोक विसरतात. पण त्याच्याविना गाठीतले जिवाणू नत्र बांधू शकत नाहीत. आपल्या आम्लधर्मी तांबड्या मातीत तो असला तरी घट्ट धरलेला असतो, मुळांना मिळत नाही. आईला हाक मारली. दादा झोपला होता, त्यालाही उठवलं. अबोला तिथेच संपला. तो डोळे चोळत दोन्ही रोपं हातात धरून बघत राहिला आणि म्हणाला, "एवढाच फरक?"

दोन पिशव्या मांडीवर घेऊन मी एस.टी.नं पेणला गेले. साहेबांनी त्या टेबलावर ठेवू दिल्या, चष्मा लावून नीट पाहिल्या. मग म्हणाले, "मॅडम, काम चांगलं आहे. पण हे आपल्या शिफारशीत नाही. आणि याचं प्रमाण जरा जास्त झालं की गुरांना बाधतं, हे तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे. म्हणून मोजूनच टाकायचं."

"मोजणार कोण? वाडीवाले? एखादी म्हैस मेली तर माझ्या नावावर." त्यांनी चष्मा काढला. "आणि तसंही, ही योजना या वर्षी बंद होतेय. मी तुम्हाला सांगणारच होतो."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, हीच खरी चीड. प्रमाणाची भीती खरी होती. पण याच पावसाळ्यात तेच साहेब युरियाच्या गोणी बेधडक सही करून पाठवत होते. मी पिशव्या उचलल्या आणि बाहेर आले. स्टँडवर एकीची माती सांडली, ती तशीच टाकून गाडीत चढले.

वाडीनं माझी वाट पाहिली नव्हती. दसरा झाला आणि गुरं उतारावर सोडली. मी पोचले तेव्हा म्हशी त्या उंच गवतात पोटापर्यंत बुडून चरत होत्या आणि कुणी माझ्याशी बोलायला थांबलं नाही. सुगंधाबाय गोठ्यात शेण काढत होती. मी उरलेली एक पिशवी, हिरवी, तिच्यासमोर ठेवली आणि सगळं सांगितलं. ती शेण काढत राहिली.

"बाय, एक पावसाळा. तुझ्या वाट्याचा तुकडा फक्त. पैसे नको, योजना नको. मी स्वतः येऊन पेरते."

"दोन वर्सं माजी गुरं बांधलीस तू."

"व्हय."

"वाडीत लोकं मला काय काय बोलली, तुला कोन बोललं का?"

"नाय."

ती सरळ झाली, तिनं कमरेवर हात ठेवले. मग म्हणाली, "माजा खालचा तुकडा घे. पन या टायमाला चारा नाय आला, तर पुन्ना हा डोंगर चडायचा नाय. रस्त्यानं दिसलीस तरी मी बोलनार नाय."

पुढच्या पावसाळ्यापर्यंत माझी नोकरी गेली होती, घरात माझ्या लग्नाचं बोलणं चालू होतं, आणि आई प्रत्येक पाहुण्याला सांगायची की पोरगी डोंगरावर कुणाचं तरी काम करते, पगार नाय. दादानं सुट्टी टाकली आणि सुगंधाबायच्या तुकड्याला कुंपण घालायला माझ्याबरोबर आला. सुपर फॉस्फेट टाकलं. बियाला जिवाणू चोळले, आणि बी पेरून झाल्यावर सरांकडून आलेली ती मॉलिब्डेनमची पांढरी पूड मी चिमटीत धरून घमेलंभर वाळूत कालवली, पुन्हा पुन्हा कालवली, म्हणजे सगळीकडे सारखी पडेल, आणि तुकडाभर उधळली. सुगंधाबाय बांधावर बसून बघत होती.

श्रावणात त्या तुकड्यावर स्टायलो गुडघ्याएवढा उभा होता, गडद हिरवा, आणि कुंपणाच्या पलीकडे डोंगर नेहमीचा गवताळ. मी एक रोप उपटून गाठ तिला फोडून दाखवली, आत गुलाबी. तिनं ते बघितलं न बघितल्यासारखं केलं. विळा घेऊन आत शिरली, एक भारा कापला, गोठ्यात नेऊन म्हशीपुढे टाकला. म्हशीनं तोंड घातलं आणि वर काढलंच नाही. आम्ही दोघी तिथे उभ्या होतो. मला वाटलं, आता ही काहीतरी बोलेल, माझ्या दोन वर्षांचं काहीतरी होईल.

"ती पूड," सुगंधाबाय म्हणाली. "किती टाकलीस?"

मी चिमूट करून दाखवली.

"एवडीच?"

"एवढीच."

तिनं माझी चिमूट स्वतःच्या बोटांत धरून बघितली, जणू त्यात अजून काही उरलं असेल. मग माझा हात सोडून दिला.

"एवड्याशासाठी गो?" ती म्हणाली. "एवड्याशासाठी आमी दोन पावसाले गुरं हंबरत ठेवली?"

मी तिच्या हातातला विळा घेतला आणि दुसरा भारा कापायला खाली उतरले.